चर्चच्या किल्ल्या कोणाच्या हाती?

अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या शहरात काही वर्षे माझा मुक्काम होता. तिथे मी ज्या चर्चमध्ये रविवारी उपासनेला जात असे, त्या चर्चच्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येक कपाटावर सुवाच्य अक्षरांत चिठ्ठी डकवलेली होती. एकात कपबशा, एकात कॉफीची मोठी भांडी, एकात टेबलांवर अंथरायची कापडे. आणि कोपऱ्यातल्या कपाटाला बारीकसे कुलूप. मंडळी, म्हणजे चर्चचा सभासद-समूह, मूळची गोऱ्यांची. सभासदांची वये वाढत चालली होती आणि निम्म्याहून अधिक बाके रिकामी राहत होती. भोवतालच्या वस्तीत मात्र कृष्णवर्णीय आणि लॅटिन अमेरिकेतून आलेली कुटुंबे वाढली होती, त्यांतली काही उपासनेला येऊ लागली होती, आणि पाळकांना, म्हणजे चर्चच्या धर्मोपदेशकांना, त्याचा मनापासून आनंद होता. दोन-चार नवी गीते आली, दारावरच्या फलकावर स्पॅनिशमध्ये स्वागताचे शब्द आले, वार्षिक अहवालात ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द आला. त्याच वर्षी एका कृष्णवर्णीय कुटुंबातल्या आजी वारल्या. दफनविधीनंतर सगळ्या नातलगांनी आणि मंडळीने चर्चमध्येच एकत्र जेवायला बसायचे, ही त्यांच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. त्यासाठी स्वयंपाकघर मागायला आजींची मुलगी कार्यालयात गेली, तेव्हा तिच्या हातात एक फॉर्म ठेवण्यात आला. वापराच्या दोन आठवडे आधी तो भरून द्यायचा होता.

तिला कोणी नाही म्हटले नाही. कोणी आवाज चढवला नाही, आणि कोणाच्या मनात तिच्याविषयी आकस होता असेही मला वाटत नाही. नियम होता, तो सर्वांना सारखा होता; फक्त ज्यांनी तो केला होता त्यांच्याकडे कोणी गेल्यावर शे-सव्वाशे माणसे चर्चमध्ये जेवायला बसत नसत, त्यामुळे मृत्यू दोन आठवड्यांची सूचना देऊन येत नाही ही गोष्ट नियम करताना कोणाला सुचली नव्हती. जेवण अखेर एका नातलगाच्या गॅरेजमध्ये झाले. पुढच्या काही महिन्यांत ते कुटुंब यायचे थांबले, आणि मंडळीच्या दप्तरात त्याची नोंद ‘स्थलांतर’ अशी झाली.

अमेरिकेतल्या चर्चचे नेतृत्व आणि मंडळ्यांचे पुनरुज्जीवन यांवर वांशिक संस्कृतीचा काय परिणाम होतो, या प्रश्नावर तिकडे पुष्कळ बोलले जाते, आणि बहुतेक चर्चा गीते, वाद्ये आणि उपासनेची शैली यांच्याभोवती फिरत राहते. मला ती चर्चा अपुरी वाटते. वांशिक संस्कृती म्हणजे कातडीचा रंग नव्हे. एखाद्या समूहाने त्याच्या इतिहासात जगण्यासाठी ज्या सवयी लावून घेतल्या, त्यांचा तो साठा असतो. सभेत कोणी आधी बोलायचे, प्रार्थना किती वेळ चालली म्हणजे लांबली, उपदेशाच्या मध्येच ‘आमेन’ म्हणणे हा सहभाग की व्यत्यय, पाळकाने अंदाजपत्रकात लक्ष घालावे की फक्त उपदेश करावा, हे सारे त्या साठ्यातून ठरते. ज्यांच्या सवयींना नियमांचे रूप मिळालेले असते त्यांना आपल्याला अशी काही संस्कृती आहे हे जाणवतच नाही. त्यांना ती साधी शिस्त वाटते. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, एखाद्या मंडळीत नवी माणसे आली पण निर्णय घेण्याची रीत आणि मालमत्तेवरचा हक्क जुन्याच हातांत राहिला, तर तिला पुनरुज्जीवन म्हणू नये. अशा मंडळीत नव्यांची उपस्थिती फक्त वापरली जाते.

या म्हणण्याला अमेरिकेच्या धार्मिक इतिहासाचा आधार फार जुन्या काळापासून आहे. फिलाडेल्फियाच्या सेंट जॉर्जेस चर्चमध्ये, जे मेथडिस्ट या प्रॉटेस्टंट पंथाचे होते, अठराव्या शतकाच्या अखेरीस रिचर्ड अ‍ॅलन हा गुलामगिरीतून स्वतःला विकत घेऊन सुटलेला तरुण पहाटे पाच वाजता उपदेश करत असे. त्याच्यामुळे कृष्णवर्णीयांची गर्दी वाढली, म्हणजे आजच्या भाषेत सांगायचे तर मंडळी वाढली, आणि तिथेच अडचण सुरू झाली. वाढलेल्या लोकांना भिंतीकडेच्या जागा आणि मग वरचा सज्जा नेमून देण्यात आला. एका रविवारी प्रार्थना चालू असताना अ‍ॅलनचे कृष्णवर्णीय सहकारी अ‍ॅब्सलम जोन्स गुडघ्यांवर होते. व्यवस्थापकांपैकी एकाने त्यांना धरून उठवायला सुरुवात केली. प्रार्थना संपेपर्यंत थांबा, एवढेच ते म्हणाले. थांबण्यात आले नाही, आणि प्रार्थना संपताच ते सगळे लोक एकदम बाहेर पडले.

ही घटना पुष्कळांना ठाऊक असते. पुढची वीस-बावीस वर्षे फारशी कोणी सांगत नाही, आणि माझ्या दृष्टीने खरा धडा त्या वर्षांत आहे. अ‍ॅलनने लोहाराचे एक जुने दुकान विकत घेऊन आपल्या घोड्यांकरवी सहाव्या रस्त्यावरच्या जागेवर ओढत आणले आणि १७९४ मध्ये तिथे बेथेल चर्च उभे राहिले. वर्गण्या काळ्या माणसांच्या, श्रम त्यांचे, गर्दी त्यांची. कागदपत्रे करून देण्याचे काम मात्र एका गोऱ्या वडीलजनाने, म्हणजे पंथातल्या ज्येष्ठ धर्मसेवकाने, केले आणि त्या कागदांत मालमत्ता मेथडिस्ट पंथाच्या गोऱ्यांच्या परिषदेच्या ताब्यात गेली. त्यामुळे व्यासपीठावर कोणी उभे राहायचे हेही तीच परिषद ठरवू लागली. परिषदेने पाठवलेला उपदेशक आला तेव्हा बेथेलच्या लोकांनी मधल्या वाटेत दाटी केली आणि त्याला अर्ध्याच्या फारसे पुढे जाऊ दिले नाही. कोणी त्याला हात लावला नाही, शिव्या दिल्या नाहीत. माणसे फक्त उभी राहिली. १८१५ मध्ये इमारत लिलावात निघाली आणि जी इमारत आपल्याच हातांनी उभी केली ती अ‍ॅलनला १०,१२५ डॉलर देऊन परत घ्यावी लागली. १८१६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने बेथेलच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षी आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च स्थापन होऊन अ‍ॅलन त्याचा पहिला बिशप झाला. या भांडणात त्रैक्य, बाप्तिस्मा, प्रभुभोजन अशा धर्मतत्त्वांपैकी कशावरही मतभेद नव्हता. अ‍ॅलन शेवटपर्यंत मेथडिस्टच राहिला. मतभेद होता तो इमारत कोणाची आणि पाळक कोणी ठरवायचा, एवढ्याच दोन गोष्टींवर.

कृष्णवर्णीय चर्चमधल्या नेतृत्वाची घडण कशी झाली हे समजायला इथून सुरुवात करावी लागते. ज्या समाजाला मतदानाचा, न्यायालयाचा, बँकेचा आणि बऱ्याच ठिकाणी शाळेचाही आधार नव्हता, त्याच्या हाती स्वतःची म्हणावी अशी एकच संस्था होती. साहजिकच शाळा चर्चच्या तळघरात भरली, अंत्यविधीसाठीचे सहाय्यक फंड चर्चमध्ये जमा झाले, पुढे मतदार नोंदणीच्या सभाही तिथेच झाल्या, आणि पाळक हा उपदेशकाच्या जोडीने वकील, मध्यस्थ आणि लोकप्रतिनिधी झाला. न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अ‍ॅबिसिनियन बॅप्टिस्ट चर्चचे पाळक अ‍ॅडम क्लेटन पॉवेल ज्युनिअर १९४४ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले आणि पाळकपदही सांभाळत राहिले, यात त्यांच्या मंडळीला काही विसंगत वाटले नाही. गोऱ्या मध्यमवर्गीय मंडळीचा पाळक याउलट एका समितीने नेमलेला, ठरावीक कामांपुरता मर्यादित असा सेवक असतो. तो राजकारणापासून दूर राहतो याचे तिथे कौतुक होते. पण त्याच्या सभासदांसाठी नगरपालिका, बँक, वर्तमानपत्र आणि न्यायालय आधीच काम करत असतात, ही बाब त्या कौतुकात हिशेबात धरली जात नाही. १९६३ मध्ये अलाबामातल्या बर्मिंगहॅममधल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी वर्णविभाजनाविरुद्धच्या निदर्शनांना अवेळी म्हटले आणि मार्टिन ल्यूथर किंग यांनी तुरुंगातून त्यांना पत्र लिहिले, तेव्हा समोरासमोर आलेल्या गोष्टी दोन मतांपुरत्या नव्हत्या. पाळक कशासाठी असतो याविषयीच्या, दोन इतिहासांतून घडलेल्या दोन कल्पना तिथे एकमेकींसमोर उभ्या होत्या.

यावर कोणी म्हणेल की मग सगळ्यांना एका छताखाली आणले की झाले. एकत्र येणे कोणत्या अटींवर, हे विचारल्याशिवाय मी त्याला होकार देणार नाही. गुलामगिरीच्या प्रश्नावर १८४४ च्या वादातून दुभंगलेले मेथडिस्ट १९३९ मध्ये पुन्हा एक झाले. उत्तर आणि दक्षिण यांच्या मनोमीलनाची किंमत म्हणून पाच विभाग भूगोलावर आखले गेले आणि सहावा, मध्यवर्ती विभाग, केवळ वर्णावर. देशभरच्या कृष्णवर्णीय मंडळ्या कुठेही असोत, त्या या सहाव्यात घालण्यात आल्या. या योजनेच्या विरोधात बहुसंख्य कृष्णवर्णीय प्रतिनिधींनी मत दिले होते. हा अपमान १९६८ मध्ये युनायटेड मेथडिस्ट चर्चच्या स्थापनेबरोबर संपला. परंतु त्या वेगळ्या विभागात काळ्या लोकांनी आपले बिशप आपण निवडले होते, आपल्या परिषदा आपण चालवल्या होत्या आणि आपले पाळक आपण घडवले होते. आता मोठ्या परिषदांत विरघळल्यावर संख्येच्या बळावर ते सगळे हातचे जाईल ही भीती खरी होती, आणि म्हणूनच त्याच वर्षी कृष्णवर्णीय मेथडिस्टांनी सिनसिनाटीत जमून स्वतंत्र संघटना उभी केली. तिच्या नावात त्यांनी ‘चर्चच्या नवीकरणासाठी’ असे शब्द घातले. चर्चने आम्हाला सामावून घ्यावे एवढीच त्यांची मागणी नव्हती. नवीकरणाची गरज चर्चला आहे, असे ते सांगत होते.

पेन्टेकॉस्टल चळवळीचा अनुभव याहून वेदनादायक आहे, कारण तिची सुरुवात फार उजळ होती. विल्यम सिमूर हा लुइझियानातल्या पूर्वाश्रमीच्या गुलामांचा मुलगा, एका डोळ्याने अंध. ह्यूस्टनमध्ये चार्ल्स पारहम या गोऱ्या शिक्षकाच्या बायबल वर्गात त्याला आत बसण्याची मुभा नव्हती. दार किलकिले ठेवले जाई आणि तो बाहेर बसून ऐकत असे. १९०६ च्या एप्रिलमध्ये याच माणसाच्या नेतृत्वाखाली लॉस एंजेलिसच्या अझूसा रस्त्यावरच्या एका पडक्या इमारतीत धार्मिक जागृती झाली. लाकडी खोक्यांचे व्यासपीठ होते आणि त्यामागे सिमूर बराच वेळ डोके खाली घालून प्रार्थनेत असे. काळे, गोरे, मेक्सिकन, आशियाई, स्त्रिया आणि पुरुष तिथे एकत्र गुडघे टेकत होते, आणि हे सर्व वर्णविभाजनाचे कायदे घट्ट होत चाललेल्या अमेरिकेत घडत होते. त्याच वर्षी शरदात पारहम तिथे आला आणि जे पाहिले त्याचा त्याने धिक्कार केला. वंशांची ती सरमिसळच त्याला असह्य झाली. आठ वर्षांनी, १९१४ मध्ये, आर्कान्सातल्या हॉट स्प्रिंग्ज इथे असेम्ब्लीज ऑफ गॉड ही प्रामुख्याने गोऱ्या उपदेशकांची संघटना उभी राहिली. उपासना तीच, पवित्र आत्म्याच्या प्रेरणेने अन्य भाषा बोलण्याचा अनुभव तोच, टाळ्या आणि अश्रूही तेच. शैली वंशाची सीमा ओलांडून गेली, नेतृत्व मात्र ओलांडू शकले नाही. १९९४ मध्ये मेम्फिसला जमलेल्या पेन्टेकॉस्टल नेत्यांच्या सभेत एका गोऱ्या पाळकाने एका कृष्णवर्णीय बिशपांचे पाय धुतले. ते दृश्य खरोखर हलवून टाकणारे होते, पण त्या दिवसाचे महत्त्व मला आणखी एका गोष्टीत वाटते: केवळ गोऱ्या संघटनांची जुनी शिखर संस्था त्या वेळी विसर्जित झाली आणि नव्या संस्थेचे अध्यक्षपद त्याच बिशपांकडे गेले.

आता आजच्या आकड्यांकडे येऊ. रविवारी सकाळी अकराचा तास हा अमेरिकेतल्या सर्वांत विभाजित तासांपैकी एक आहे, असे किंग यांनी १९६० मध्ये म्हटले होते. एकाच वंशाचे लोक ८० टक्क्यांहून अधिक नसतील त्या मंडळीला बहुवांशिक म्हणायचे, या अभ्यासकांच्या व्याख्येप्रमाणे १९९८ मध्ये अशा मंडळ्या सुमारे ६ टक्के होत्या, त्या २०१९ पर्यंत सुमारे १६ टक्के झाल्या. वाढ मोठी आहे आणि ती नाकारण्याचे कारण नाही. पण या मंडळ्यांतल्या बहुतेकांचे प्रमुख पाळक गोरे आहेत. समाजशास्त्रज्ञ कोरी एडवर्ड्स यांनी अशा मंडळ्यांचा अभ्यास करून दाखवले की मिश्र मंडळ्याही बहुधा गोऱ्यांना सवयीच्या वाटणाऱ्या रीतीनेच चालतात, आणि त्याचे कारण अगदी व्यवहारी आहे. गोऱ्या सभासदांना अवघडल्यासारखे झाले तर त्यांच्यासाठी शहरात दुसरी शंभर चर्चेस असतात, ते सोडून जातील ही धास्ती नेतृत्वाला सतत असते, आणि ही धास्तीच निर्णय घेते. कृष्णवर्णीय सभासदांनी सोसायचे असते, कारण वंशभेद ओलांडण्यावर ज्यांची श्रद्धा असते तेच तिथे आलेले असतात. श्रद्धेचीच अशी किंमत वसूल होणे ही मला या सगळ्यातली सर्वांत क्लेशदायक गोष्ट वाटते.

मी जात असलेल्या त्या मंडळीच्या वार्षिक सभेत हे मी प्रत्यक्ष पाहिले. छपराच्या दुरुस्तीचा विषय होता. एक वयस्क कृष्णवर्णीय गृहस्थ उठले आणि त्यांनी लहानपणच्या त्यांच्या मंडळीचे छप्पर वादळात उडाले तेव्हा लोकांनी काय केले ते सांगायला सुरुवात केली. गोष्ट सावकाश चालली होती आणि ती नेमकी छपराकडेच येत होती: कर्ज न काढता, सुतारकाम येणाऱ्या घराघरांनी काम कसे वाटून घेतले, इथपर्यंत. अध्यक्षांनी अत्यंत सौजन्याने विचारले, “तर आपली सूचना काय आहे?” गृहस्थ क्षणभर थांबले, “माझे एवढेच,” म्हणाले आणि बसले. इतिवृत्तात त्यांचे नाव नाही, कारण इतिवृत्तात सूचना, अनुमोदन आणि मतदान लिहिले जाते, गोष्ट लिहिली जात नाही. सभेचे नियम तंतोतंत पाळले गेले आणि सभेतले सर्वांत उपयोगी बोलणे हवेत विरले. अशा मंडळीत त्या गृहस्थांना समितीवर घेतले तरी काय होईल? ते त्या भाषेत बोलायला शिकतील किंवा गप्प राहतील.

पदे मोजण्याने प्रश्न सुटत नाही, याचे उदाहरण अमेरिकेतल्या इव्हँजेलिकल लुथरन चर्च या प्रॉटेस्टंट संप्रदायाचे आहे. १९८८ मध्ये काम सुरू करताना या संप्रदायाने दहा वर्षांत सभासदांपैकी १० टक्के लोक कृष्णवर्णीय वा इतर गोरेतर वंशांचे किंवा इंग्रजीखेरीज अन्य भाषा बोलणारे असतील असे उद्दिष्ट ठेवले, आणि वरच्या सभा-समित्यांत तेवढ्या जागाही राखून ठेवल्या. हेतू प्रामाणिक होता. तरीही २०१४ च्या प्यू संशोधन केंद्राच्या पाहणीत हा संप्रदाय ९६ टक्के गोरा आढळला. माझ्या मते याचे कारण असे की जागा वर राखल्या गेल्या आणि निर्णय खाली होत राहिले. पाळकाला पाचारण करायचे की नाही हे ठरवते ती गावातली मंडळी, आणि तिथे ‘आमच्यात मिसळेल का’ हा एक प्रश्न पुरेसा असतो.

इथवर मी गोऱ्या मंडळ्यांच्या सवयींबद्दल लिहिले, कारण मोठ्या इमारती, जुने निधी आणि संप्रदायांची कार्यालये अजून बहुतांशी त्यांच्याकडे आहेत. पण संस्कृतीने नेतृत्व घडते असे म्हटल्यावर ते सर्वांना लागू करावे लागते, आणि जे कृष्णवर्णीय चर्च संकटात सर्वांचा आधार झाले त्यालाही त्यातून सूट देता येत नाही. जरीना ली ही तरुणी १८०९ च्या सुमारास रिचर्ड अ‍ॅलनकडे गेली आणि देवाने मला उपदेश करायला बोलावले आहे असे तिने सांगितले. अ‍ॅलनने उत्तर दिले की आपल्या मेथडिस्ट नियमावलीत स्त्री-उपदेशकांची तरतूद नाही. नियमावलीच्या नावाने ज्याला सज्जात बसवले गेले त्यानेच नियमावली पुढे केली. पुढे आठ-एक वर्षांनी बेथेलमध्ये एका उपदेशकाचे बोलणे अडखळले, तेव्हा जरीना जागेवरून उठली आणि त्याच वचनावर बोलू लागली. आता आपल्याला बाहेर काढणार असे तिला वाटले. अ‍ॅलन उभा राहिला आणि हिचे पाचारण खरे आहे असे त्याने सर्वांसमोर मान्य केले. माणूस मोठा होता म्हणून त्याने मत बदलले. संस्थेला मात्र वेळ लागला, आणि त्या चर्चमध्ये पहिली स्त्री बिशप, वॅश्टी मकेन्झी, निवडून यायला सन २००० उजाडले. जी मंडळी स्त्रियांनी दिलेल्या दशांशावर (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याच्या वर्गणीवर), स्वयंपाकावर आणि प्रार्थनेवर उभी आहे तिथे पाळकाचा शब्द अखेरचा आणि पाळक पुरुष, ही रीतही इतिहासातूनच आलेली आहे आणि तीही तपासावी लागेल. कोरियन-अमेरिकन मंडळ्यांत पहाटेच्या प्रार्थनेची निष्ठा पाहून मान झुकते. पण तिथेही ज्येष्ठांपुढे तोंड उघडता येत नाही म्हणून अमेरिकेत वाढलेली मुले शांतपणे निघून जातात, आणि त्यांच्यासाठी चालवलेल्या इंग्रजी उपासनेचे अंदाजपत्रक मूळ मंडळीचे वडीलजन ठरवत असतात.

या विचाराला दोन बाजूंनी विरोध होतो. एक बाजू म्हणते, ख्रिस्तात सगळे एक असताना वंशाचा विषय काढायचाच कशाला? तिला मी एवढेच विचारीन की ज्या घड्याळावर, ज्या नियमावलीवर आणि ज्या इतिवृत्तावर मंडळी चालते ते कोणाच्या घरातून आले, हे एकदा पाहून घ्यावे. दुसरी बाजू अधिक विचारपूर्वक बोलते. डॉनल्ड मॅकगॅव्हरन या मिशनऱ्याचा जन्म १८९७ मध्ये आपल्या देशातल्या दमोह इथे झाला, मध्य भारतात त्यांनी अनेक वर्षे काम केले, आणि लोकांना वंश, भाषा वा वर्ग यांची भिंत न ओलांडता ख्रिस्ती व्हायला आवडते, असा सिद्धांत त्यांनी त्या अनुभवातून मांडला. निरीक्षण म्हणून ते खोटे नाही. पण १९६५ नंतर ते कॅलिफोर्नियातून शिकवू लागले, आणि अमेरिकेच्या गोऱ्या उपनगरांतल्या मंडळ्यांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला की आपण आपल्यासारख्यांतच वाढावे. शोषितांनी आसरा म्हणून आपली मंडळी वेगळी ठेवणे आणि सुस्थितांनी शेजाऱ्यांपासून पळून जाऊन वेगळी मंडळी थाटणे या दोहोंना एकच सिद्धांत लावणे मला नैतिकदृष्ट्या मान्य नाही. अ‍ॅलनने सेंट जॉर्जेस सोडले याला विभाजन म्हणायचे असेल तर ते कोणी केले, हेही सांगावे लागेल.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात पहिल्या मंडळीची जी तक्रार नोंदली आहे ती वाचताना मला स्वयंपाकघराच्या त्या फॉर्मची आठवण येते. ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे रोजच्या अन्नवाटपात दुर्लक्ष होत होते. मुद्दाम होत होते असे तिथे म्हटलेले नाही. वाटप करणारे इब्री (हिब्रू) बोलणारे होते आणि त्यांच्या नजरेला आपल्या विधवा आधी दिसत होत्या, असे समजायला जागा आहे. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, स्वागत समिती नेमली नाही, वाटप करणाऱ्यांना संवेदनशीलतेचे धडे दिले नाहीत. सात माणसे निवडायला सांगितली, आणि स्तेफन, फिलिप्प यांच्यापासून अंत्युखियाच्या नीकलावापर्यंत सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच लोकांच्या हातात सगळे कोठार गेले, इब्री विधवांच्या वाट्यासह. त्यानंतरच्याच ओळींत शिष्यांची संख्या फार वाढली असे लिहिले आहे. पुनरुज्जीवनावर भाषणे देणाऱ्यांनी हा क्रम नीट पाहावा असे मला फार वाटते.

आधुनिक काळात याच्या जवळ जाणारे एक उदाहरण न्यू ऑर्लीन्समध्ये आहे, आणि तेही सदर्न बॅप्टिस्टांत, ज्यांचा प्रॉटेस्टंट संप्रदाय १८४५ मध्ये गुलाममालकांना मिशनरी होऊ द्यावे या आग्रहातून जन्मला आणि ज्याने त्याबद्दल माफी मागायला १९९५ साल उजाडले. फ्रँकलिन अ‍ॅव्हेन्यू बॅप्टिस्ट चर्च ही मूळची गोऱ्यांची मंडळी. वस्ती बदलली, सभासद उपनगरांकडे गेले, आणि इमारत कृष्णवर्णीय मंडळीच्या हाती आली. १९८६ मध्ये फ्रेड लूटर तिथे पाळक झाले तेव्हा सुमारे ६५ सभासद होते. त्यांनी आधी पुरुषांकडे लक्ष दिले, कारण बाकांवर बायका-मुलेच तेवढी दिसत होती; मुष्टियुद्धाचा मोठा सामना टीव्हीवर पाहायला त्यांनी वस्तीतल्या पुरुषांना घरी बोलावले आणि ओळखी वाढवल्या. २००५ च्या कतरिना वादळापूर्वी मंडळी सात हजारांवर गेली होती. पुराने इमारत उद्ध्वस्त केली, सभासद देशभर विखुरले, काही काळ एका गोऱ्या मंडळीच्या इमारतीत पहाटेच्या वेळी उपासना चालली, आणि २००८ मध्ये ते आपल्या वास्तूत परतले. २०१२ मध्ये लूटर त्या संप्रदायाचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष निवडले गेले. अध्यक्षपदापेक्षा मला १९८६ नंतरची वर्षे मोलाची वाटतात. वस्तीला ओळखणाऱ्या माणसाला तिथे मोकळ्या हाताने काम करता आले, कारण जुन्या सवयी राखायला मागे कोणी थांबले नव्हते. पण गोरे सभासद निघून गेल्यावरच हे व्हावे, राहून का होऊ नये, हा प्रश्न त्या यशातही खुपत राहतो.

राहून करता येते याचा एक प्रयत्न १९४४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत झाला. हॉवर्ड थर्मन या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी १९३६ मध्ये बारडोलीला गांधीजींची भेट घेतली होती आणि त्याच दौऱ्यात वंशभेदापलीकडच्या मंडळीची कल्पना त्यांच्या मनात पक्की झाली होती. आल्फ्रेड फिस्क या गोऱ्या पाळकाबरोबर त्यांनी सर्व लोकांच्या सहभागितेचे चर्च सुरू केले, आणि सुरुवातीपासून दोघे समान दर्जाचे सहपाळक होते. एकाने दुसऱ्याला सामावून घ्यायचे नव्हते, कारण आधीपासून बसलेला असा तिथे कोणी नव्हता.

बहुतेक मंडळ्यांना अशी कोरी पाटी मिळत नाही. ज्यांच्याकडे शंभर वर्षांची इमारत आणि चाळीस वयस्क सभासद आहेत, त्यांनी काय करावे हे मला विचारले तर मी गीतांच्या यादीपासून सुरुवात करणार नाही. विश्वस्तांची पुढची निवड व्हायच्या आधी नियमावली बाहेर काढावी आणि प्रत्येक कलमापुढे ते कोणाच्या अडचणीतून आले ते लिहावे. गेल्या पाच वर्षांत आलेल्या कुटुंबांपैकी किती जणांकडे इमारतीची किल्ली आहे ते मोजावे. निधीवर सही करण्याचा अधिकार त्यांच्यापैकी दोघांना द्यावा आणि त्यांनी पहिला खर्च आपल्याला न पटणाऱ्या गोष्टीवर केला तरी तो परत घेऊ नये. जी मंडळी त्याच इमारतीत भाड्याने दुपारची उपासना करते तिला, आपण बंद पडायची वाट न पाहता, मालकीत भागीदार करून घ्यावे. आणि सभेत कोणी गोष्ट सांगायला उभा राहिला तर ती संपेपर्यंत थांबावे, मग छपराचे काय करायचे ते त्यालाच विचारावे.